बेळगाव ते सॅन फ्रान्सिस्को : हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील कितीतरी घरांतली मुले आज कॅलिफोर्नियात शिकत आहेत किंवा नोकरी करीत आहेत. त्यांना भेटायला जाणारे आईवडील बहुधा साठी ओलांडलेले असतात आणि अनेकांचा तो पहिलाच लांबचा विमानप्रवास असतो. तिकीट काढण्याआधी घरात दोन प्रश्न हमखास निघतात : किती लांब आहे, आणि किती वेळ लागेल? संकेतस्थळे या दोन्ही प्रश्नांना एकेका आकड्यात उत्तर देतात, पण बेळगावहून निघणाऱ्याला ते आकडे पुरत नाहीत. अंतर आणि वेळ यांचे नाते विमानाच्या बाबतीत रस्त्याइतके सरळ नसते, आणि घराच्या दारापासून मुलाच्या दारापर्यंतचा हिशेब तर आणखी वेगळा असतो. तो हिशेब नीट मांडता यावा, यासाठी ही उत्तरे लिहिली आहेत.

बेळगावच्या सांबरा विमानतळापासून सॅन फ्रान्सिस्कोचे हवाई अंतर किती आहे?

सुमारे १३,८१० किलोमीटर. मैलांत सांगायचे तर हे अंतर ८,५८० मैलांच्या आसपास भरते, आणि वैमानिक वापरतात त्या नॉटिकल मैलांत (१ नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर) ते साधारण ७,४५७ होते. पृथ्वीवरील कोणत्याही दोन ठिकाणांमध्ये जास्तीत जास्त अंतर सुमारे २०,००० किलोमीटर असू शकते, त्यामुळे आपण त्या कमाल अंतराच्या दोन तृतीयांशांहून अधिक प्रवास करतो, असे म्हणता येईल.

हा आकडा मात्र पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेल्या सर्वांत जवळच्या रेषेचा आहे. तेवढेच किलोमीटर उडणारे विमान प्रत्यक्षात क्वचितच सापडेल.

ही 'सर्वांत जवळची रेषा' म्हणजे काय? नकाशावर तर अमेरिका पश्चिमेला दिसते.

भिंतीवरच्या सपाट नकाशावर बेळगाव आणि सॅन फ्रान्सिस्को पट्टीने जोडले, तर रेषा अरबस्तान, आफ्रिका आणि अटलांटिक महासागर ओलांडून जाते. ती रेषा फसवी आहे, कारण गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवताना उत्तरेकडचे प्रदेश ताणले जातात. त्याऐवजी शाळेच्या प्रयोगशाळेतला पृथ्वीगोल घ्यावा, दोऱ्याचे एक टोक बेळगाववर धरावे आणि दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर ठेवून दोरा ताणावा. दोरा पश्चिमेला जात नाही. तो जवळजवळ सरळ उत्तरेला, किंचित पूर्वेकडे कलून निघतो, मध्य आशिया आणि सायबेरियावरून वर चढतो, ७४ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आपली उंची गाठतो आणि अलास्काच्या बाजूने खाली उतरतो. या रेषेला भूगोलात बृहद्वृत्त म्हणतात आणि संकेतस्थळांवरचे 'हवाई अंतर' याच रेषेवर मोजलेले असते.

नातवंडांना घेऊन हा दोऱ्याचा प्रयोग एकदा घरी अवश्य करावा. आजी-आजोबांचे विमान बर्फाळ प्रदेशावरून का जाते, हे त्यांना त्यानंतर वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

सांबऱ्याहून थेट विमान का नाही?

सांबरा विमानतळ १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, ब्रिटिश हवाई दलाने उभारला. सप्टेंबर २०१७ मध्ये तेथे नवी टर्मिनल इमारत सुरू झाली. धावपट्टीची लांबी २,३०० मीटर आहे आणि विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ७५८ मीटर उंचीवर आहे. उंचीवर हवा विरळ असल्यामुळे विमानाला उड्डाणासाठी अधिक लांब धाव घ्यावी लागते. सोळा तासांचे इंधन भरलेले मोठे विमान इतक्या धावपट्टीवरून उडू शकत नाही. तुलनेसाठी, बेंगळुरूच्या दोन्ही धावपट्ट्या प्रत्येकी ४,००० मीटर लांबीच्या आहेत. शिवाय सांबरा हा देशांतर्गत विमानतळ असल्याने परदेशप्रवासासाठी लागणारी इमिग्रेशनची व्यवस्था तेथे नाही. म्हणून पहिला टप्पा मोठ्या शहरापर्यंतचा आणि पुढचा समुद्रापारचा, अशी विभागणी आपल्याला करावीच लागते.

मग कोणत्या शहरातून गेल्यास अंतर कमी पडते?

या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना अनपेक्षित वाटते. बेळगाव ते बेंगळुरू हे हवाई अंतर सुमारे ४४५ किलोमीटर आहे आणि तेथून सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,९९० किलोमीटर, एकूण १४,४३५. म्हणजे आपण आधी आग्नेयेला, गंतव्यस्थानापासून दूर जातो आणि मग परत उत्तरेला वळतो. मुंबईमार्गे पहिला टप्पा सुमारे ४०४ आणि दुसरा सुमारे १३,५१० किलोमीटरचा, एकूण १३,९१५ च्या आसपास. दिल्लीमार्गे पहिला टप्पा सुमारे १,४३५ किलोमीटर इतका मोठा दिसतो, पण दिल्लीहून पुढचे अंतर सुमारे १२,३८० किलोमीटरच आहे, आणि बेरीज १३,८१५ येते. बेळगावपासूनच्या सरळ रेषेशी ताडून पाहिले, तर फरक जेमतेम पाच किलोमीटरचा. याचे कारण इतकेच की दिल्ली त्या ताणलेल्या दोऱ्याच्या जवळजवळ खालीच येते.

तरीही केवळ या बेरजेवरून शहर निवडू नये. ६०० किलोमीटरचा फरक विमानाला पाऊण तासाचाही पडत नाही, आणि चुकीच्या जागी पडलेला मधला थांबा त्याच्या दहापट वेळ खातो. आखाती देशांतून किंवा युरोपमधून जाणारे मार्ग अंतराने बरेच लांब पडतात (मुंबई–लंडन–सॅन फ्रान्सिस्को हे अंतर सुमारे १५,८०० किलोमीटर भरते), पण प्रवास मध्ये तुटल्यामुळे ज्यांना सलग सोळा तास बसवत नाही, त्यांना तेच मार्ग बरे पडतात. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांच्या बाबतीत मी स्वतः नेहमी हाच सल्ला देतो.

बेंगळुरूहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत विमानाला प्रत्यक्ष किती तास लागतात?

थेट विमानाला जाताना साधारण १६ तास आणि येताना १७ ते साडेसतरा तास लागतात. मोठे प्रवासी विमान स्थिर हवेत ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते. १३,९९० ला ९०० ने भागल्यास साडेपंधरा तास येतात. त्यात उड्डाण, चढण, उतरण आणि धावपट्टीपर्यंतचे सरकणे मिळवले की वेळापत्रकातला आकडा जुळतो.

एअर इंडियाने ही थेट सेवा जानेवारी २०२१ मध्ये सुरू केली. पहिले विमान ९ जानेवारीच्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले आणि ११ जानेवारीच्या पहाटे बेंगळुरूला उतरले. कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली वैमानिक कक्षातील सर्व महिला होत्या आणि विमान उत्तर ध्रुवावरून आले. मध्यंतरी ही सेवा खंडित झाली होती आणि तिचे वेळापत्रकही बदलत आले आहे. म्हणून नातेवाइकांच्या जुन्या अनुभवावर विसंबून बेत आखू नये, आपल्या तारखेला थेट विमान आहे की नाही हे तिकीट काढण्याआधी पाहावे.

अंतर दोन्ही बाजूंनी सारखेच असताना जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगळा का?

वाऱ्यामुळे. पृथ्वीच्या मध्य अक्षांशांवर, साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अतिशय वेगवान वारे असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरहून अधिक असू शकतो. प्रवासी विमाने याच उंचीवर उडतात. पावसाळ्यात भरून वाहणाऱ्या मलप्रभेत नाव प्रवाहाबरोबर सोडली तर ती वल्हे न मारताही पुढे जाते आणि उलट न्यायची झाली तर घाम फुटतो. विमानाचेही तसेच आहे. त्याचा हवेतील वेग तोच राहतो, जमिनीच्या हिशेबातला वेग बदलतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को या विमानाचे आहे. डिसेंबर २०१५ मध्ये ही सेवा सुरू झाली तेव्हा विमान अटलांटिकमार्गे जात असे आणि सुमारे १३,९०० किलोमीटर उडत असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेच विमान पूर्वेकडून, प्रशांत महासागरावरून नेण्यात आले. नव्या मार्गाने अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाले, आणि तरीही ते साडेचौदा तासांत, आधीपेक्षा सुमारे दोन तास लवकर पोहोचले. संपूर्ण उड्डाणाची सरासरी काढली तर ताशी हजार किलोमीटरहून अधिक येते. १,४०० किलोमीटर जास्त उडूनही वेळ वाचला, कारण वारा पाठीशी होता. 'हा मार्ग लांबचा आहे, म्हणजे उशीर होणार', हा समज हे एक उदाहरण मोडून काढते.

परतीच्या वेळी हेच वारे तोंडावर येतात, म्हणून वैमानिक त्यांना टाळून उत्तरेकडून वळसा घेतात. जानेवारी २०२१ चे ते पहिले विमान ध्रुवावरून आले ते याच विचाराने. बेंगळुरू–सॅन फ्रान्सिस्को ही सर्वांत जवळची रेषा फक्त ७१ अंश उत्तरेपर्यंत चढते. ध्रुवावरून आलेले विमान सुमारे १६,००० किलोमीटर उडाले. कागदावरचे अंतर आणि उडालेले अंतर यांत असा दोन हजार किलोमीटरचा फरक पडू शकतो.

वाऱ्याशिवाय आणखी कशामुळे मार्ग बदलतो?

हवाई हद्दींमुळे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली आणि उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय कंपन्यांच्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला, काहींना इंधनासाठी मध्ये उतरावे लागले. रशियाची हद्द २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांना बंद आहे, त्यामुळे एकाच दोन शहरांमधला वेळ कंपनीनुसार वेगळा दिसू शकतो. मध्ये कुठे उतरता येईल, याचाही विचार मार्ग ठरवताना होतो. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे विमान इंजिनातील बिघाडामुळे पूर्व रशियातील मगदान येथे सुखरूप उतरवावे लागले होते. असे प्रसंग अपवादात्मक असतात, परंतु हातातल्या पिशवीत दोन दिवसांची औषधे आणि एक उबदार कपडा का ठेवावा, हे त्यावरून समजते.

पोहोचण्याची तारीख कशी काढायची? तिकिटावर एकच दिवस दिसतो, तो बरोबर आहे का?

बरोबर आहे, आणि सर्वाधिक घोटाळा येथेच होतो. भारताची वेळ सॅन फ्रान्सिस्कोच्या वेळेपेक्षा हिवाळ्यात साडेतेरा तासांनी आणि उन्हाळ्यात साडेबारा तासांनी पुढे असते. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात, म्हणून हा एक तासाचा फरक पडतो. तिकिटावरच्या सर्व वेळा त्या त्या शहराच्या स्थानिक वेळा असतात.

समजा, विमान १० डिसेंबरला दुपारी २ वाजता बेंगळुरूहून निघाले. त्या क्षणी सॅन फ्रान्सिस्कोत १० डिसेंबरची मध्यरात्र उलटून अर्धा तास झालेला असतो. त्यात सोळा तास मिळवले की तेथे १० डिसेंबरचेच दुपारचे साडेचार वाजतात. सोळा तास प्रवास करूनही तारीख तीच राहते, घड्याळ केवळ अडीच तास पुढे गेलेले दिसते. परतीचा हिशेब याच्या उलट असतो. १० जानेवारीला रात्री साडेआठला निघालेले विमान साडेसतरा तासांनी उतरते तेव्हा बेंगळुरूत १२ जानेवारीच्या पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. ११ जानेवारी जवळजवळ पूर्ण हवेतच संपते.

माझी आई पहिल्यांदा परत आली, तेव्हा आम्ही निघण्याच्या तारखेत फक्त एक दिवस मिळवला आणि खानापुराहून गाडी घेऊन एक दिवस आधीच सांबऱ्याला पोहोचलो. उतरलेल्या प्रवाशांत ती दिसेना, फोन लागेना. दुसऱ्या दिवशी ती सुखरूप आली, पण मधली ती रात्र घरात कोणी झोपले नव्हते. तेव्हापासून परतीच्या तिकिटावरची उतरण्याची तारीख मी मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दिनदर्शिकेला लावतो. गाडी बोलावणाऱ्या व्यक्तीनेच ती स्वतः वाचावी.

घरापासून घरापर्यंत एकूण किती वेळ धरावा?

टिळकवाडीतून निघणाऱ्याचे उदाहरण घेऊ. सांबऱ्यापर्यंत रस्त्याने ४० मिनिटे, तेथे उड्डाणाच्या दोन तास आधी पोहोचणे, बेंगळुरूपर्यंत सव्वा तास, पुढच्या विमानासाठी पाच तास, मोठे उड्डाण १६ तास, सॅन फ्रान्सिस्कोत इमिग्रेशन आणि सामान मिळून दीड तास, आणि तेथून मुलाच्या घरापर्यंत पाऊण तास. बेरीज २७ तासांच्या थोडी वर जाते. त्यांतले हवेतले तास सव्वासतराच असतात. खानापूर, निपाणी किंवा चिकोडीहून निघणाऱ्यांनी यात आपापला रस्त्याचा वेळ मिळवावा. मध्ये परदेशात थांबा असल्यास एकूण वेळ ३० तासांच्या पुढे जातो, असे धरून चालावे.

मधला थांबा किती तासांचा असावा?

सर्व टप्पे एकाच तिकिटावर असतील, तर तीन-चार तास पुरतात. पहिले विमान उशिरा आल्यास पुढची सोय लावून देण्याची जबाबदारी कंपनीवर येते. बेळगाव–बेंगळुरू वेगळे आणि पुढचे वेगळे अशी दोन तिकिटे काढली असतील, तर सामान स्वतः घेऊन पुन्हा जमा करावे लागते आणि पहिल्या विमानाच्या उशिराशी दुसऱ्या कंपनीचा संबंध राहत नाही. अशा वेळी सहा तासांहून कमी अंतर ठेवू नये. पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, सांबऱ्यावर ढग उतरले की विमाने उशिरा होतात किंवा रद्दही होतात. त्या महिन्यांत आदल्या दिवशीच मोठ्या शहरात पोहोचणे मला अधिक सुरक्षित वाटते.

टर्मिनलही नीट पाहावे. बेंगळुरूत परदेशी विमाने सप्टेंबर २०२३ पासून टर्मिनल २ वरून सुटतात, देशांतर्गत विमान टर्मिनल १ वर उतरू शकते. मुंबईत दोन टर्मिनलांमध्ये रस्त्याचे अंतर आहे, आणि डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा वेगळा विमानतळही सुरू झाला आहे. पहिले विमान तेथे उतरत असेल आणि दुसरे सहारहून, म्हणजे मुंबईच्या जुन्या विमानतळावरून, सुटत असेल, तर मध्ये संपूर्ण शहर पार करावे लागते.

अमेरिकेत न्यूयॉर्क किंवा शिकागोला आधी उतरून पुढे जाणार असाल, तर इमिग्रेशन आणि सामानाची तपासणी त्या पहिल्या शहरातच होते. सामान पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्यावे लागते, म्हणून तेथेही तीन तास हाताशी असावेत.

बेंगळुरूपर्यंत विमानाऐवजी रेल्वेने गेले तर?

चालते, आणि पावसाळ्यात तर ते अधिक भरवशाचे ठरते. राणी चेन्नम्मा एक्स्प्रेस रात्रभरात पोहोचवते, आणि ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव–बेंगळुरू वंदे भारत सुरू झाल्याने दिवसा सुमारे साडेआठ तासांत जाता येते. लक्षात ठेवायचे ते इतकेच की रेल्वे शहराच्या मध्यभागी उतरवते आणि विमानतळ देवनहळ्ळीला, उत्तरेकडे पस्तीस-चाळीस किलोमीटरवर आहे. बेंगळुरूची वाहतूक पाहता या टप्प्याला दोन तास राखून ठेवावेत.

निपाणीकरांना कोल्हापूरचा विमानतळ सांबऱ्याहून जवळ पडतो, तर खानापूरच्या पश्चिम भागातील प्रवाशांनी गोव्यातील मोपा आणि दाबोळी हे दोन्ही पर्याय ताडून पाहावेत.

तिकीट शोधताना बेळगाव सापडत नाही. काय लिहावे?

शहराचे अधिकृत नाव नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले आहे. काही संकेतस्थळांवर जुने नाव आहे, काहींवर नवे. विमानतळाचा तीन अक्षरी संकेत 'आयएक्सजी' लिहिला की दोन्हीकडे तोच विमानतळ येतो. बेंगळुरूसाठी 'बीएलआर' आणि सॅन फ्रान्सिस्कोसाठी 'एसएफओ' हे संकेत आहेत.

इतक्या तासांच्या प्रवासात औषधांच्या वेळा कशा सांभाळायच्या?

हा प्रश्न निघण्याच्या आदल्या रात्री नव्हे, तर किमान पंधरा दिवस आधी आपल्या डॉक्टरांपुढे ठेवावा. दिवसातून एकदा घ्यायची गोळी असेल, तर विमानात मनगटी घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवणे सोपे जाते आणि दोन गोळ्यांमधले तास मोजता येतात; पोहोचल्यावर ती वेळ तेथील सकाळवर कशी आणायची, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी स्वतःच्या अंदाजाने मात्रा बदलू नये, कारण साडेतेरा तासांच्या फरकामुळे जेवणांच्या वेळा पूर्ण उलट होतात. औषधे मोठ्या सामानात न देता जवळच्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावीत. पायांत सूज येऊ नये म्हणून दीड-दोन तासांनी उठून चार पावले चालावे आणि पाणी पीत राहावे. त्यासाठी मार्गिकेलगतची जागा आधीच मागून घ्यावी. चाकाच्या खुर्चीची मागणीही तिकिटाबरोबरच नोंदवावी. बेंगळुरूच्या किंवा दिल्लीच्या विमानतळावरील चालणे एक-दीड किलोमीटरपर्यंत होऊ शकते, आणि घरात व्यवस्थित चालणारी आईसुद्धा सोळा तासांच्या बसण्यानंतर इमिग्रेशनच्या रांगेत तासभर उभी राहू शकेलच असे नाही.